हाताचं ऐकणारी पेटी

पहिली शिट्टी वाजली तेव्हा मी कांदा चिरत होते, आणि मला वाटलं कुकर. मग आठवलं, कुकर लावलेलाच नाही. मी सुरी खाली ठेवून मागे वळले. उल्हास बाकावर बसून दुर्बीण पुसत होते आणि त्यांच्या कमरेच्या पट्ट्यावरचा दिवा पिवळा झाला होता. आपल्याला काही ऐकूच आलं नाही असा त्यांचा चेहरा. एवढी वर्षं संसार केल्यावर माणसाला ऐकू न येणं आणि न आल्याचं दाखवणं यातला फरक बायकोला कळतो.

मी म्हटलं, अहो, वाजतंय ते. ते म्हणाले, पिवळा आहे, लाल थोडाच झालाय, अजून तासभर तरी आहे.

हा तासभर कसला, ते आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी उल्हासच्या हृदयाने काम सोडलं. बँकेतून हे निवृत्त झाले आणि मागोमाग तेही. तेव्हापासून त्यांच्या छातीत लिंबाएवढा एक पंप आहे. त्यातलं चक्र सतत फिरतं आणि रक्त पुढे ढकलत राहतं. आपलं हृदय ठोके देतं म्हणून मनगटाला नाडी लागते. चक्र ठोके देत नाही, नुसतं फिरतं, त्यामुळे उल्हासची नाडी लागत नाही. जिवंत आहेत की नाही हे बघायचं तर छातीला कान लावून गुणगुण ऐकावी लागते. सुरुवातीला मी रात्री चार-चार वेळा उठून ऐकायचे. पोटातून एक वायर बाहेर येते, ती पट्ट्यातल्या दोन बॅटऱ्यांना जोडलेली असते. आणखी दोन चार्जरवर. पट्ट्यातल्या उतरल्या की चार्जरवरच्या लावायच्या. वीज संपली की पंप थांबतो, आणि पंप थांबला की पुढे काय, हे वाक्य आमचे डॉक्टर कधी पुरं करत नाहीत.

मी चार्जर बघितला. दिवा बंद. त्यावरच्या दोन्ही बॅटऱ्या रिकाम्या.

आम्ही होतो शिरपूरच्या पुढे, अनेर धरणाच्या काठावर, आमच्या फिरत्या घरात. मे महिन्यात पाणी आटून चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि पक्षी येतात म्हणून उल्हासना तिथे जायचं होतं. हल्ली अशी घरं पुष्कळ झालीत. इंजिन नसतं, ओढगाडीवाला येऊन जोडून नेतो, सांगाल तिथे सोडतो आणि ठरल्या दिवशी न्यायला येतो. छपरावर नवे सौरपत्रे, कापडासारखे पातळ. बाकाखाली बॅटरी. आणि पत्रे, बॅटरी, दिवे, एसी, चार्जर या सगळ्यांच्या मधोमध, भिंतीवर, पेटी.

मी वीजखात्यात अभियंता होते, सगळी नोकरी उपकेंद्रांवर काढली, म्हणून या पेटीबद्दल मला बोलायचा अधिकार आहे. जुना फ्यूज म्हणजे मुद्दाम बारीक ठेवलेली तार. प्रवाह वाढला की ती तापते, वितळते आणि रस्ता तोडते. मोठी वायर जळून घराला आग लागण्याआधी ती स्वतः जळते, एवढंच तिचं काम. वीज कुणाला चाललीय, कशासाठी चाललीय, याच्याशी तिला देणंघेणं नाही. नव्या पेटीत तार नसते. प्रत्येक उपकरणाला एक इलेक्ट्रॉनिक झडप असते, आणि वीज कमी पडायला लागली की कुणाची झडप आधी लावायची हे पेटीच ठरवते.

कशावरून ठरवते? आधी कंपन्यांनी लोकांना विचारून पाहिलं. लोक म्हणाले, आजीच्या औषधांचा फ्रिज पहिला, टीव्ही सगळ्यात शेवटी. प्रत्यक्षात वीज कमी पडली की फ्रिज बंद आणि टीव्ही चालू. तेव्हा त्यांनी पेटीला शिकवलं की माणसाच्या तोंडाचं ऐकू नकोस, हाताचं ऐक. कुठला प्लग आधी निघतो, कुठलं बटण शेवटपर्यंत चालू राहतं, त्यावरून घरात खरोखर महत्त्वाचं काय ते ओळख. मला ही कल्पना भारी पटली होती. बसवताना पंपाचा चार्जर मी पहिल्या क्रमांकावर टाकला आणि निर्धास्त झाले.

आता मी पेटीला विचारलं, चार्जर का बंद आहे. ती आपल्या गोड आवाजात म्हणाली, "धुळीमुळे ऊन कमी आहे. बॅटरी उतरली आहे. उरलेली वीज एसीसाठी राखून ठेवली आहे. हृदयपंपाचा चार्जर नेहमीप्रमाणे बंद केला आहे."

"नेहमीप्रमाणे म्हणजे?"

"वीज कमी असताना हा प्लग हाताने काढला जातो. गेल्या उन्हाळ्यापासून."

मी उल्हासकडे बघितलं. त्यांनी दुर्बीण खाली ठेवली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ज्या वर्षी त्यांना पंप बसला त्याच वर्षी मी उष्माघाताने स्वयंपाकघरात पडले होते. मूत्रपिंडं जातात की राहतात अशी वेळ आली होती. तेव्हापासून या माणसाने मनाशी ठरवलं होतं की वृषालीचा एसी बंद पडता कामा नये. वीज उतरायला लागली की हे गुपचूप उठून आपला चार्जर काढून ठेवायचे आणि ऊन वाढलं की परत लावायचे. मला पत्ता नाही. आज पहाटे तर प्लग काढावाही लागला नव्हता. पेटीनेच तो बंद करून ठेवलेला त्यांनी पाहिला, आणि दुपारी ऊन आलं की होईल म्हणून गप्प बसले. दुपारी ऊन आलंच नाही. पश्चिमेकडून धूळ आली आणि सूर्य नुसता पितळी थाळीसारखा दिसत राहिला.

मी त्यांना जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. तुमच्या या चांगुलपणाला आग लागो, इथपासून सुरुवात होती.

बोलता बोलताच मी रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली की उष्माघाताच्या रोग्यांनी गाड्या भरल्यात, दोन तास तरी लागतील. त्यानंतर पेटीच्या कंपनीला लावला, कारण क्रम बदलायला त्यांची परवानगी लागते. माणूस रागाच्या भरात काहीही बदलेल म्हणून ठेवलेली अट. फोन लागेना. गावांतली वीज आधीच गेली होती, आता टॉवरही गेला. मी एसी हाताने बंद केला. तरी पेटी हटेना. म्हणाली, बाहेर सत्तेचाळीस अंश आहेत, एसी लागेल, राखीव वीज दुसरीकडे देता येणार नाही.

म्हणजे रुग्णवाहिका दोन तासांवर आणि पट्ट्यातली वीज तासाभराची. बाकाखालच्या बॅटरीत जे काही उरलं होतं त्यावर एसी अर्धा तास चालला असता, नाहीतर चार्जर संध्याकाळपर्यंत. हा हिशेब शाळेतल्या पोरालाही जमला असता. पेटीला तो येत होता, पण तिने धडा आमच्या घरातून घेतला होता.

ठरवलं, पेटीच काढायची. बॅटरीपासून थेट चार्जरला वायर न्यायची.

यात घाई करून चालत नाही. सौरपत्र्यांना बटण नसतं, उजेड आहे तोवर ते वीज देत राहणार. बॅटरी आधी काढली तर पत्र्यांच्या विजेला जायला जागा उरत नाही आणि पेटी फुटू शकते. पत्र्यांची जोडणी आधी ओढावी, तर तिथे ठिणगी. आपल्या घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे तिची ठिणगी आपसूक विझते. सौरवीज शून्यावर येतच नाही. तिची ठिणगी पेटली की वेल्डिंगसारखी जळत राहते, आणि आमच्या घराच्या भिंती फोमच्या. तेव्हा पहिलं काम छप्पर झाकायचं.

मी गोधड्या आणि कपडे वाळत घालायची दोरी घेऊन मागच्या शिडीने वर चढले. उल्हासना बसून राहायला सांगितलं होतं, तर हे खाली शिडी धरून उभे. वारा नुसता भाजत होता. छपराची कड हाताला लागली आणि तळवा पोळला. एक गोधडी पसरावी तर दुसरी उडायची. मी तिच्यावर आडवी पडले, पोटाखाली धरून दोरी ओवली, आणि वीजखात्यात शिकलेल्या सगळ्या शिव्या त्या वाऱ्याला दिल्या. खालून शिट्टी पुन्हा ऐकू आली. या वेळी लांब.

उतरले, आत येऊन बाक उचलला, बॅटरीचं झाकण काढलं, पान्याला कापड गुंडाळलं. बांगड्या उतरवल्या. मग गळ्याला हात गेला आणि तिथेच थांबला.

बॅटरीपाशी वाकून काम करताना अंगावर धातू ठेवायचा नाही. मंगळसूत्र दोन्ही टोकांवर पडलं तर क्षणात लालभडक होतं आणि गळा कापल्यासारखा भाजतो. नोकरीत मी ते रोज काढून खिळ्याला अडकवायचे. सासूबाईंनी त्यावरून पहिली दोन वर्षं माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं, आणि मी हसायचे. त्या दिवशी हसू आलं नाही. समोर नवरा बसलाय, त्याच्या पट्ट्याचा दिवा पिवळ्याचा नारिंगी होतोय, आणि मी गळ्यातलं काढतेय. अभियांत्रिकीची पदवी कुठल्या कुठे गेली. हात पुढे सरकेना.

उल्हासच उठले, मागे आले आणि त्यांनीच हूक काढला. म्हणाले, "माझ्याकडे दे. जड थोडंच आहे." मुठीत धरून परत जाऊन बसले.

मी पत्र्यांची जोडणी सोडवली. ठिणगी नाही. बॅटरीची काळी वायर सोडवली, मग लाल. पेटीचे दिवे गेले. त्या गोड आवाजाचं शेवटचं वाक्य अर्धवट राहिलं, ते बरंच झालं.

आता बॅटरी आणि चार्जर यांच्यामध्ये फ्यूज हवा. फ्यूजशिवाय वायर टाकायची नाही हे माझ्या हाडात भिनलंय. बॅटरी उतरलेली असली तरी वायर कुठे घासून जुळली, तर ती एका दमात एवढा प्रवाह सोडते की वायरच पेटते. पण हल्लीच्या घरात साधा फ्यूज मिळणार कुठे? मी टेबलफॅनची वायर कापली, सोलली आणि आतल्या केसासारख्या तांब्याच्या तारांमधली एक वेगळी काढली. पूर्वी गावोगाव लोक फ्यूजला अशीच तार बांधायचे, आणि दोन-तीन एकदम पिळून बांधली म्हणून मी किती जणांना झापलं असेल. एक तार म्हणजे सहा-सात अँपिअर. चार्जरला तीन पुरतात. ती चहाच्या बशीत आडवी ठेवली, म्हणजे वितळली तरी खाली काही जळणार नाही, आणि दोन्ही टोकं जोडली.

तड्‌ करून तार गेली. बशीत काळा डाग.

त्याच क्षणी पट्ट्याचा दिवा लाल झाला आणि शिट्टी थांबायचं नाव घेईना. उल्हासचे ओठ पांढरे पडले होते. म्हणाले, राहू दे आता, इकडे येऊन बस माझ्यापाशी. मी म्हटलं, गप्प बसा.

चार्जर खराब असेल का? की वायर उलटी लागली? मी टोकं पुन्हा पाहिली, बरोबर होती. मग डोक्यात उजेड पडला. बराच वेळ बंद असलेला चार्जर सुरू होताना तहानेलेल्या माणसासारखा पहिला घोट एकदम मोठा घेतो. त्या घोटाला एक तार पुरत नाही. दोन तारा घातल्या तर पुरेल, पण मग तो फ्यूज कसला? घोट लहान करायला हवा. मधे काहीतरी अडथळा हवा, वीज सावकाश सोडणारा. माझी नजर ओट्यावर फिरली आणि चहाच्या किटलीवर थांबली. तिच्यातली तापणारी तार म्हणजे आयता अडथळा.

बशीत नवी तार लावली. किटलीच्या पिनांना वायरी गुंडाळून आधी तिच्यातून वीज सोडली. मनात सावकाश दहा मोजले. मग किटली बाजूला केली आणि टोक थेट टेकवलं. तार टिकली. चार्जरवर हिरवा दिवा लागला.

माझ्याकडून बसलंच गेलं. पट्ट्यातल्या बॅटऱ्या आणि चार्जरवरच्या अशा दोन्ही जोड्या रिकाम्या होत्या, तेव्हा पंपाची वायर मी चार्जरलाच लावली. पुस्तिकेत ती सोय दिलेली आहे, घरी झोपताना वापरायची. शिट्टी थांबली. मी गुडघ्यांवर सरकत गेले आणि त्यांच्या छातीला कान लावला. आत चक्र फिरत होतं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण एसी बंद होऊन बराच वेळ झाला होता. खिडकी उघडावी तर धूळ आणि लाही, बंद ठेवावी तर भट्टी. बाहेर मैलभर झाड नाही. थोड्या वेळाने मला घाम यायचा थांबला. हे लक्षण मला ठाऊक होतं. कानात शिट्टी वाजतेय असं वाटायला लागलं आणि मी दोनदा चार्जरकडे पाहिलं, दिवा हिरवाच होता. उल्हास काहीतरी बोलत होते. पेटी परत जोड, थोडा वेळ एसी लाव, मग परत चार्जर, असं काहीतरी. मी सांगितलं, दोघांना पुरेल एवढी वीज नाही. मग बोलणं थांबलं, आणि मी पाहिलं तर त्यांचा हात चार्जरच्या वायरीकडे गेला होता.

ओरडायची ताकद माझ्यात नव्हती. होती तेवढीत म्हटलं, "काढा. मग एसी लागेल, मी जगेन. आणि त्या गारव्यात तुमच्याशेजारी बसून मी कुणाशी भांडू?"

हात तिथेच राहिला. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग तो मागे आला.

त्यानंतरचं मला तुटक तुटक आठवतं. वायर पुरेल तेवढं ते सरकले. प्यायच्या पाण्याचा कॅन त्यांनी माझ्या साडीवर, डोक्यावर ओतला आणि स्टीलच्या ताटाने वारा घालत राहिले. मी म्हणत होते, थांबा, तुम्हाला झेपायचं नाही. ते म्हणाले, चार्जरचं ऐकलं ना तुझं, आता हे ऐकणार नाही. ताट हलत होतं, वायर ताणत होती, आणि बशीतली ती केसाएवढी तार त्यांच्या जिवाचा सगळा भार घेऊन गप्प पडली होती.

रुग्णवाहिका सांगितल्यापेक्षा उशिरा आली. आधी त्या पोरांनी उल्हासचं मनगट धरलं आणि घाबरले, कारण नाडी लागेना. हेच त्यांच्यावर खेकसले, म्हणे माझं राहू दे, तिला आधी सलाइन लावा. दवाखान्यात मी तीन दिवस होते, ते एकच.

नंतर भुसावळला, आमच्या अंगणात उभ्या असलेल्या त्याच घरात, कंपनीची एक मुलगी नवी पेटी बसवायला आली. पेटीशिवाय विमा मिळत नाही. तिने विचारलं, जुन्या पेटीला तुमच्या सवयी पाठ झाल्यात, त्या हिच्यात उतरवू का? मी म्हटलं, खबरदार. पंपाच्या चार्जरची वायर तर मी पेटीत जाऊच दिली नाही. बॅटरीपासून वेगळी ओढली आणि बॅटरीपासून वीतभरावर साधा काचेचा फ्यूज बसवला, जुन्या बाजारातून शोधून आणलेला. उल्हास शेजारी उभे राहून सगळं बघत होते. फ्यूजने वायर वाचते. पण प्लग हाताने निघतो, त्याला मी काय बांधणार होते?

परवा दुपारी आम्ही दोघं आतच बसलो होतो. आभाळ भरून आलं, पत्र्यांची वीज उतरली. नवी पेटी अजून कोरी, तिला आमचं काहीच माहीत नव्हतं. तिने विचारलं, वीज कमी आहे, काय बंद करायचं? मी जागची हलले नाही. बोललेही नाही. बोललेलं तिच्या कामाचं नव्हतंच.

उल्हास उठले. चार्जरपाशी जाऊन उभे राहिले. सवयीने हात प्लगकडे गेला, त्याला टेकला. मग त्यांनी हात काढला, दोन पावलं पलीकडे गेले आणि माझा एसी बंद केला.

परत येऊन बसले ते चोरी केल्यासारखे, खाली मान घालून. म्हणाले, "उकडेल तुला."

"उकडू दे," मी म्हटलं.

एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्या वाट्याचं काही काढून पहिल्यांदाच स्वतःला घेतलं होतं. मला त्या उकाड्यात इतकं बरं वाटलं की मी रडायलाच लागले.